एकशे ऐंशी दिवसांची मुदत

शनिवारी सकाळी दगडोबा अयोध्याबाईंच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बजरंग जावयाच्या नावानं बोटं मोडत होता.

"धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट दिलं, अनारशाचा डबा दिला, कपडे केले. आन् चार महिने झाले न्हाईत तर म्हणतो, मामा, गाडीला टायर पायजेत."

"गाडी तुम्हीच वापरता," अयोध्याबाई म्हणाल्या.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून बजरंग जावयाच्या गाडीतून अयोध्याबाईंना तपासाला नेत असे आणि दर तपासात मन लावून चुकीच्या माणसावर संशय घेत असे. अयोध्याबाई लोहगावे यांनी नांदेडच्या एका शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं होतं. आता दारावर 'खासगी चौकशी' एवढीच पाटी होती आणि ती बघून येणारा माणूस बहुधा सगळीकडून हात टेकून आलेला असे.

दगडोबाही तसाच होता. साठी उलटलेला, खाकी शर्ट, हातात टोपी. लातूरला ईश्वरप्पांच्या संगणक परीक्षा केंद्रात तो शिपाई होता. खुर्ची दिली तरी तो कडेवरच टेकला.

"बाई, माझ्या सुनेवर आळ आलाय. उज्वला तिचं नाव. त्याच केंद्रात मशिनी सांभाळती. बुधवारी नोकरीची परीक्षा होती, एकशेवीस पोरं बसली होती. मधला मोठा सर्व्हर तीनदा बंद पडला. तो बंद पडला की समद्या मशिनी आंधळ्या. दुपारी पोरांना घरी लावून दिलं. मालक म्हणतो, उज्वलानंच मुद्दाम बंद केला. सोमवारी पोलिसांत देऊन राहिला."

"ती काय म्हणते?"

"कायच न्हाई. तोंडच उघडंना." दगडोबानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "बाई, माझा लेक गेला. बायको त्याच्या आदीच गेली. ही पोरगी आत गेली तर नातीला घेऊन मी कुटं जाऊ? ऋतुजा सहा वर्साची हाय. घट बसायला तीन आठवडे हाईत, त्याच्या आत सुनेचं नाव धुऊन द्या."

अयोध्याबाईंनी वही पुढे ओढली. "मी खरं काय ते शोधते, दगडोबाभाऊ. ते कुणाला सोयीचं निघेल, हे आधी सांगता येत नाही."

"खरं निघालं तर सून सुटतीच की," दगडोबा म्हणाला.

म्हाताऱ्याचा खऱ्यावर एवढा भरवसा बघून बजरंगला उगाच भडभडून आलं.

*

लोहा, अहमदपूर करत गाडी निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि दर गावाच्या वेशीवर गणपतीचा मांडव होता. चाकूर आलं तसा दगडोबा बोलता झाला. त्याचं गाव तिथून आत होतं.

"लेक भारत. केंद्रातल्या मशिनी त्यानंच बसवल्या, घटाचाच दिवस होता. पोरगं लई हुशार, बाई. मागल्या साली संक्रांतीच्या आदल्या दिवशी औशाच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं."

बजरंगनं गाडीचा वेग कमी केला.

"त्यानं मला एक काम लावून दिलंय," दगडोबा पुढे म्हणाला. "गुढीपाडव्याला आन् घटाला सर्व्हरची पूजा. त्या दिवशी केंद्राला सुट्टी असती. पयल्यांदा तो मला संगं न्यायचा, आता मी एकटा जातो. मशीन पुसतो, हळदकुंकू लावतो, त्यानं शिकवलं तसं समदं करतो. वर्साचे दोनच दिवस हाईत, पण मला वाटतं पोरगं बाजूला उभं हाय."

बजरंगनं गाडीचा आरसा हलवून नीट केला. नीट करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

ईश्वरप्पांनी खुर्चीतून न उठताच नमस्कार केला. मागे टेबलावर गणपती बसवलेला होता आणि त्याच्या बाजूला परीक्षेची नोंदवही.

"ह्यात काय शोधायचं, मॅडम? मशीन बिघडलं न्हाई. बत्ती गेली न्हाई. बॅटरी टकाटक हाय. मग बंद कुणी केलं? सर्व्हरच्या खोलीच्या चाव्या दोन. एक उज्वलाकडं, एक म्हाताऱ्याकडं. म्हाताऱ्याला इंग्रजीचा ए कळत न्हाई. मग राहिलं कोण?"

"ती असं का करेल?"

"खुन्नस. मला कायम करा म्हणत होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू."

अयोध्याबाईंनी नोंदवही उघडली. पर्यवेक्षकानं वेळा लिहिल्या होत्या. सर्व्हर साडेआठला सुरू, साडेनऊला बंद. नऊ चाळीसला सुरू, दहा चाळीसला बंद. दहा पंचावन्नला सुरू, अकरा पंचावन्नला बंद. त्यांनी तिन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

"आदल्या दिवशी मशीन चाललं होतं?"

"मंगळवारी बंदच होतं. सोमवारी गणपती बसले, मी दोन दिवस सुट्टी दिली. रविवारी मात्र दिवसभर तपासलं, झकास चालत होतं."

"आणि बुधवारनंतर?"

"त्या दिवशी चारनंतर एकदाही बंद पडलं न्हाई. म्हणजे हिनं हात काढला, बरोबर?"

सर्व्हरची खोली म्हणजे एक अडगळीची जागा होती, तिला थंड हवेचं यंत्र बसवलेलं. काळ्या पेटीवर हळदकुंकवाची बोटं उठलेली होती आणि पाडव्याची साखरगाठी वितळून तपकिरी झाली होती. पेटीचा पडदा एरवी बंदच असतो, असं दगडोबानं सांगितलं.

तिथेच दयानंद भेटला. उदगीरला त्याचं संगणकाचं दुकान होतं आणि गुरुवारी ईश्वरप्पांनी तपासणीला त्यालाच बोलावलं होतं. भारत असताना इथलं काम त्याला कधी मिळालं नव्हतं. बजरंगनं मनातल्या मनात त्याच्या हातात बेड्या घातल्या.

"मॅडम, खरं सांगू का? ही मूळ प्रणालीच विकतची न्हाई," दयानंद हळूच म्हणाला. "चाचणीची प्रत हाय. ट्रायल. एकशे ऐंशी दिवस फुकट वापरा, मग विकत घ्या, असा कंपनीचा हिशोब. पण एका आज्ञेनं मुदत वाढवता येती. वाढवली की त्या दिवसापासून परत एकशे ऐंशी. अशा सहा वाढी मिळतात, सातवी न्हाई. भारतनं मालकाला लई वेळा सांगितलं होतं विकत घ्या म्हणून."

"आणि मालक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

"तुम्ही ओळखता वाटतं त्यांना," दयानंद म्हणाला.

"मुदत संपली की काय होतं?"

"मशीन बंद पडत राहतं. पण इथं मुदतीचा सवालच न्हाई. मी तपासलं तेव्हा एकशे एकोणऐंशी दिवस शिल्लक दिसले. त्याच्या आदीची वाढ यंदा एकोणीस मार्चची. तिथून सहा महिने धरा, एकोणीस सप्टेंबर येतो. परीक्षा सोळाला झाली. म्हणजे मुदत संपलीच नव्हती."

"मागच्या वाढींच्या तारखा आहेत?"

त्यानं मोबाइलमध्ये बघून वाचल्या. "सुरुवात तीन सालांमागं, पंधरा ऑक्टोबरची. त्याच्या पुढच्या साली नऊ एप्रिल आणि तीन ऑक्टोबर, ह्या दोन भारतच्या नावावर. मग गेल्या साली तीस मार्च, बावीस सप्टेंबर, आणि यंदा एकोणीस मार्च. ह्या तीन उज्वलाच्या नावावर. आणि सहावी, शेवटची, बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. तीपण तिच्याच नावावर. परीक्षेच्याच दिवशी तिनं आत हात घातला, मॅडम. हाच पुरावा मालकानं धरलाय."

"सकाळच्या साडेनऊचा बिघाड दुपारच्या चारला केला म्हणायचा?"

दयानंदनं मोबाइल खिशात टाकला.

बाहेर आल्यावर बजरंग कुजबुजला, "बाई, ह्योच. भारतच्या जागेवर डोळा होता ह्याचा."

"याच्याकडे चावी कुठाय?"

"बनवून घेतली आसंल."

"आणि बरोबर एकेका तासानं येऊन बंद करून गेला? साठ मिनिटं, एक इकडे नाही की तिकडे नाही. बजरंगभाऊ, माणसाचा हात इतका वक्तशीर नसतो."

*

उज्वला परीक्षेच्या दालनात शेवटच्या रांगेत बसली होती. तिशीची, गळ्यात काही नाही, डोळे रडून कोरडे झालेले. समोर एकशेवीस काळे पडदे.

"बुधवारी चारला मुदत तुम्ही वाढवलीत?" अयोध्याबाईंनी विचारलं.

"हो."

"का?"

"ते मी सांगणार नाही. सोमवारी मालकांना काय करायचं ते करू द्या."

"तुमची सहा वर्षांची मुलगी आहे."

"तिला मामा सांभाळतील." सासऱ्याला ती मामा म्हणत होती. "त्यांना काही विचारू नका, बाई. भारत गेल्यावर ते महिनाभर अंथरुणातून उठले नव्हते. पाडवा आला तेव्हा उठले."

"घटस्थापनेच्या दिवशी तुम्ही कुठे असता?"

"घरीच. घट माझ्याच हातानं बसतात, मला नऊ दिवस उपास असतो. पाडव्याला पुरणावरणाचा स्वयंपाक. केंद्रात मामाच—"

ती एकदम थांबली. मग तिनं अयोध्याबाईंचा हात धरला. "बाई, तुम्ही नांदेडला परत जा."

अयोध्याबाईंनी हात सोडवून घेतला नाही. नंतर उठून त्यांनी भिंतीवरची तिथींची दिनदर्शिका उतरवली आणि बोट ठेवून दिवस मोजायला सुरुवात केली. मार्चचं पान, एप्रिलचं, मेचं. जूनच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"बजरंगभाऊ, जावयाला ताट कधी दिलंत?"

"जूनच्या सुरवातीला. का हो?"

अयोध्याबाई दिनदर्शिका मांडीवर घेऊन बसल्या. बजरंगनं त्यांना इतकं थकलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं.

"पंचवीस वर्षं मुलांना गणित शिकवलं," त्या म्हणाल्या. "आज हे एक उत्तर आलं नसतं तर बरं झालं असतं."

*

चार वाजता त्याच दालनात सगळे जमले. ईश्वरप्पा पुढच्या खुर्चीत, दयानंद भिंतीला टेकून, उज्वला मागे. दगडोबा दाराशी उभा होता.

"दगडोबाभाऊ, तुम्ही खाली चहा घेऊन या," अयोध्याबाई म्हणाल्या.

"मीच तुमाला बोलावलंय. सून सुटताना मला बघायचंय."

"बाई, नका सांगू," उज्वला म्हणाली.

अयोध्याबाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. आज आणि सोमवार यांच्यामध्ये एकच दिवस होता. बजरंगला वाटलं, आता बाई वही मिटतील आणि आपण निघू. पण त्या बोलल्या.

"सर्व्हर कुणीही बंद केला नाही. तो आपला आपण बंद पडला, सुरू केल्यापासून बरोबर तासातासानं. मुदत संपलेली प्रत तसंच करते. दयानंद, तुम्ही म्हणालात मुदत शिल्लक होती, कारण तुम्ही सहा महिने धरलेत. मुदत एकशे ऐंशी दिवसांची आहे. एकोणीस मार्चपासून मोजा."

दयानंद बोटांवर मोजू लागला. त्याचा चेहरा उतरला. "पंधरा सप्टेंबर."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी संपली. त्या दिवशी केंद्र बंद होतं म्हणून कळलं नाही. तुम्ही तपासलंत तेव्हा एकशे एकोणऐंशी दिवस दिसले, कारण उज्वलानं बुधवारी चारला शेवटची वाढ घेतली होती. तिनं बिघडवलं नाही, ईश्वरप्पा. तिनं बंद पडलेलं चालू केलं. म्हणूनच चारनंतर ते थांबलं नाही."

"मग तसं बोलायला काय झालं होतं तिला?" ईश्वरप्पा म्हणाले.

"पुढचा प्रश्न आला असता म्हणून. आधीच्या वाढी कोण घेत होतं, आणि ही वेळेत का घेतली नाही?" अयोध्याबाईंनी वही उघडली. "नऊ एप्रिल, तीस मार्च, एकोणीस मार्च, हे तीन पाडवे आहेत. पंधरा ऑक्टोबर, तीन ऑक्टोबर, बावीस सप्टेंबर, या तीन घटस्थापना. या दिवशी केंद्राला सुट्टी आणि उज्वला घरी. नाव तिचं आहे, हात तिचा नाही."

दाराशी दगडोबा हलला. "बाई, ते हिरवं चित्र म्हणता का? भारतनं पडद्यावर काढून ठेवलंय. पयले त्याच्या नावानं, आता उज्वलाच्या नावानं मशीन उघडायचं, चित्रावर दोन टिचक्या मारायच्या, मशीन बंद होऊन आपलं आपण चालू होतं. ती पूजाच हाय. पाडव्याला केली की मी. चुकलो न्हाई कंदीच."

"नाही चुकलात. भारतनं हिशोब असा केला होता, की पाडवा ते घट सहा चांद्रमास, घट ते पाडवा सहा. एकशे शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर दिवस होतात. एकशे ऐंशीच्या आतच. सुट्टीचा दिवस, तुमच्या लक्षात राहील असा दिवस. हुशार माणसाचाच हिशोब होता तो."

"मग?"

अयोध्याबाईंचा आवाज खाली आला. "यंदा अधिक महिना आला, दगडोबाभाऊ. धोंड्याचा महिना. घट एक महिना पुढे गेले. यंदा पाडवा ते घट दोनशे सहा दिवस आहेत. तुम्ही घटांची वाट बघत होतात आणि मशीनची मुदत संपून गेली."

खिडकीबाहेर कुठल्याशा मंडळाचा ताशा वाजत होता.

"एक वाढ शिल्लक होती," बजरंगच्या तोंडून निघून गेलं. "कुटल्याबी दिवशी दोन टिचक्या मारल्या असत्या तर..."

ईश्वरप्पा खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे म्हाताऱ्यानं केलं."

"तुम्ही केलंत," अयोध्याबाई म्हणाल्या. "एकशेवीस मुलांची परीक्षा फुकटच्या प्रतीवर घेतलीत. बजावणारा माणूस मेला, तरी ती विकत घेतली नाहीत."

"ते खरं आसंल, मॅडम. पण वरच्या ऑफिसला एक नाव द्यावं लागतंय. माझं मी देणार हाय का? उज्वला न्हाई तर न्हाई. शिपायाचा निष्काळजीपणा, एवढं लिहिलं की भागतं. पोलिसांत जायची गरज पडणार न्हाई."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बजरंग म्हणाला. जन्मात कधी नव्हे तो त्याचा संशय बरोबर माणसावर गेला होता आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

दगडोबा मालकाकडे बघतही नव्हता. तो अयोध्याबाईंच्या जवळ आला.

"बाई, मी त्यानं सांगितलं तसंच केलं. बरोबर?"

"बरोबर."

"म्हंजी भारतनंच चुकीचं सांगितलं."

अयोध्याबाईंनी जन्मभर मुलांच्या वहीत चुकीला चूक म्हटलं होतं. आज त्यांनी हातातली वही मिटली. उज्वलानं पदर तोंडाला लावला. ती चार दिवस कशासाठी गप्प होती, ते बजरंगला आता कुठे कळलं. सासऱ्याला वाचवायला ती गप्प होतीच. पण लेकाचा हिशोब चुकला, हे बापाच्या कानावर जाऊ नये म्हणून तुरुंगातही गेली असती.

दगडोबानं कमरेची चावी मुठीत धरली. मग मान वर करून म्हणाला, "न्हाई. आता आठवलं. त्यानं सांगितलं होतं. म्हणला होता, बाबा, धोंड्याचा महिना आला तर एक महिना आदीच दाबा. मी इसरलो."

"मामा," उज्वला म्हणाली.

"मी इसरलो ग. म्हातारा माणूस हाय. लिहा मालक, दगडोबा इसरला."

"दगडोबाभाऊ, हे खरं नाही," अयोध्याबाई म्हणाल्या. "तुम्हाला नोकरीवरून काढतील. त्या एकशेवीस मुलांचे आईबाप तुमच्या नावानं बोटं मोडतील."

"मोडू द्या. मला ऐकायची सवय हाय. त्याला आता उत्तर देता येत न्हाई." त्यानं हात जोडले. "तुमी खरं शोधलं, बाई. सून सुटली. तेवढंच माझं मागणं होतं. आता हे माझ्यावर सोडा."

ईश्वरप्पांनी कागद आधीच पुढे ओढला होता. त्यांनी चार ओळी लिहिल्या. वाचून दाखवण्याचीही तसदी घेतली नाही. दगडोबानं पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली. अयोध्याबाईंनी वहीतलं तारखांच्या हिशोबाचं पान फाडलं, दोनदा घडी घातली आणि उज्वलाच्या हातात दिलं. तिनं ते न उघडता पिशवीत टाकलं.

"सोमवारपासून येऊ नको," ईश्वरप्पा कागद वाळवत म्हणाले.

"हाव, मालक."

दगडोबानं कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. जिन्यात तो एकदा थांबला. उज्वला आधार द्यायला पुढे झाली, तेव्हा त्यानं तिचा हात धरून ठेवला.

"ऋतुजा मोठी झाली, इचारायला लागली, तर तिला असंच सांग. तिच्या बापाला समदं ठाव होतं. आजा इसरला."

"हाव, मामा," उज्वला म्हणाली.